पहिला ग्रॅम: कांदळाच्या मुळावरून रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचलेल्या एका रेणूचं प्रकरण

खारफुटीच्या औषधी गुणांवर आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा बहुधा यादी दिली जाते. तिवराची साल अमक्यावर, मारांडीची पानं तमक्यावर, कांदळाचा काढा आणखी कशावर. त्यातल्या बऱ्याच गोष्टींमागे किनाऱ्यावरच्या लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा वापर आहे, काहींमागे प्रयोगशाळेतली निरीक्षणंही आहेत. पण एखादा अर्क काचेच्या बशीत पेशी मारतो, इथपासून शिरेवाटे द्यायच्या औषधापर्यंत किती चालावं लागतं, हे यादीतून कधी कळत नाही. ते कळावं म्हणून इथे एकच प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो आहे. औषधाचं नाव ट्राबेक्टेडिन. बाजारात ते योंडेलिस या नावाने मिळतं आणि चरबी, स्नायू अशा मऊ ऊतींमध्ये होणाऱ्या दुर्मिळ कर्करोगांवर, म्हणजे सार्कोमावर, वापरलं जातं. त्याचा माग काढत गेलं की आपण कॅरिबियन समुद्रात, तांबड्या कांदळाच्या पाण्यात बुडालेल्या मुळांपाशी जाऊन पोहोचतो.

हा रेणू कांदळाच्या झाडात तयार होत नाही. मुळावर वाढणाऱ्या एका प्राण्यात तो सापडला, आणि पुढे उलगडलं की तो प्राणीही तो स्वतः बनवत नाही. खारफुटीतली रसायनं शोधायची तर झाडाच्या पानासालीपाशी थांबून चालत नाही, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून मी ते निवडलं.

झाडांमध्ये काय आहे

झाडं रिकाम्या हातांची आहेत असं मात्र कुणी समजू नये. खारं पाणी, प्राणवायू नसलेला चिखल, भाजणारं ऊन आणि कुरतडणारे खेकडे, किडे यांच्यात टिकायचं म्हणजे रसायनांचा साठा लागतोच. कांदळ आणि किरकिरीच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. किनाऱ्यावर जाळी रंगवायला आणि कातडी कमवायला ते पूर्वापार वापरलं गेलं. गेवा या खारफुटीच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं, त्वचेवर फोड येतात. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी वायव्य ऑस्ट्रेलियातून गोळा केलेल्या गेव्याच्या पानाखोडातून एक फॉरबॉल एस्टर वेगळं काढलं. एचआयव्हीवर प्रयोगशाळेत परिणाम दाखवणारा घटक तोच होता. ज्या रसायनकुळामुळे चीक झोंबतो, त्याच कुळातला रेणू विषाणूविरुद्ध कामाचा ठरतो, हे औषधशास्त्रात वरचेवर दिसतं. आपल्या नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, तिथल्या झायलोकार्पस प्रजातीच्या खारफुटीच्या बियांमधून लिमोनॉइड वर्गातले नवे रेणू मिळाले आणि त्यांना नदीवरूनच गोदावरिन असं नाव दिलं गेलं. लिमोनॉइड हे कडुनिंबातल्या ॲझाडिरॅक्टिनचं कूळ.

रेणू सापडले, त्यांच्या रचना छापून आल्या, काहींनी पेशींवर, किडींवर, जंतूंवर असर दाखवला. पुढे मात्र गाडी अडली. ती का अडते, ते पुढच्या हकिकतीतून समजेल.

मुळावरची गर्दी

कॅरिबियन बेटं, फ्लोरिडाचं दक्षिण टोक, बेलीझ, क्यूबा या भागात भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असतो, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मीटरच्याही आत. त्यामुळे तिथल्या तांबड्या कांदळाची कमानदार मुळं बारा महिने पाण्याखाली राहतात. तळाशी सगळा मऊ गाळ. चिकटून बसणाऱ्या प्राण्यांना टणक जागा हवी असते, आणि मैलोन्मैल तशी जागा म्हणजे ही मुळंच. म्हणून एकेका मुळावर स्पंज, शेवाळं, शिंपले आणि ॲसिडियन यांची दाटी होते. ॲसिडियन म्हणजे पिशवीसारखे प्राणी: एका तोंडाने पाणी आत घ्यायचं, गाळून अन्न ठेवायचं, दुसऱ्या तोंडाने पाणी सोडायचं. दिसायला साधे, पण उत्क्रांतीच्या वृक्षावर ते कणा असलेल्या प्राण्यांचे जवळचे नातलग आहेत.

त्यातली एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा ही जात आपल्या प्रकरणातली. तिचं शास्त्रीय वर्णन १८८० मध्ये झालं. पारदर्शक, नारिंगी झाक असलेल्या, दोनेक सेंटिमीटर लांबीच्या नळ्यांचे घोस मुळाला लटकलेले असतात. हे प्राणी पळू शकत नाहीत, अंगावर कवच नाही, आणि आजूबाजूला मासे फिरत असतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या प्राण्याच्या ठळक नारिंगी अळ्या मासे तोंडात घेतात आणि थुंकून टाकतात. एकदा चव घेतलेला मासा पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जायला कचरतो. अंगात काहीतरी जहाल होतं, ते इथून कळतं.

अर्क सापडला, रेणू सापडेना

ते जहाल काहीतरी कर्करोग संशोधकांच्या हाती याआधीच लागलं होतं. साठच्या दशकात अमेरिकेत वनस्पतींबरोबर समुद्री जीवांचेही अर्क कर्करोगाविरुद्ध तपासायला सुरुवात झाली. मायामीतल्या संशोधकांनी १९६९ मध्ये सांगितलं की या ॲसिडियनच्या अर्काने उंदरांमधला कर्करोग रोखला जातो, शिवाय प्रतिकारशक्तीवरही त्याचा परिणाम होतो. आणि मग वीस वर्षं त्यातला कर्ता रेणू कोण हे कुणाला कळलं नाही.

या वीस वर्षांपाशी मुद्दाम थांबायला हवं. अर्कात शेकडो घटक असतात. त्यांना एकेक करून वेगळं करायचं, प्रत्येक भाग पेशींवर तपासायचा, असर असलेला भाग पुन्हा विभागायचा. इथे गोची अशी होती की रेणू अतिशय जहाल आणि तितकाच दुर्मिळ. वाटेत तो तुटायचाही. सत्तरच्या दशकातली उपकरणं एवढ्या अल्प मात्रेवरून रचना ठरवू शकत नव्हती. वस्तुमान वर्णपटमापन आणि चुंबकीय अनुनाद ही तंत्रं सुधारली तेव्हा कोंडी फुटली. १९९० मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी रचना जाहीर केली: इलिनॉय विद्यापीठातले केनेथ राइनहार्ट यांचा गट आणि फ्लोरिडातल्या हार्बर ब्रँच संस्थेतल्या एमी राइट यांचा गट. राइनहार्ट यांचा समुद्री रसायनांतला अनुभव जुना होता. १९७८ च्या कॅरिबियन मोहिमेत त्यांनी जहाजावरच अर्कांच्या चाचण्या केल्या होत्या आणि त्यातून मिळालेला डिडेम्निन-बी हा रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेला होता. विषारी परिणामांमुळे तो पुढे सोडून द्यावा लागला.

नव्या रेणूंना एक्टिनॅसिडिन म्हटलं गेलं आणि प्रत्येकाला आकडा मिळाला. सर्वांत आश्वासक ठरला ७४३, तोच पुढे ट्राबेक्टेडिन झाला. रेणूचं खरं वजन ७६१ च्या घरात, पण वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात जाताना तो पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८ एकक, टाकून देतो, म्हणून ७४३. हे पाणी टाकणं नुसतं यंत्रातलं कौतुक नव्हतं. ज्या जागेवरून पाणी जातं, त्याच जागेने हा रेणू पेशीतल्या डीएनएला चिकटतो, हे पुढे स्पष्ट झालं.

एका टनाला एक ग्रॅम

आता खरी अडचण. एक ग्रॅम ७४३ मिळवायला साधारण एक टन ॲसिडियन लागायचे. सार्कोमासाठी पुढे ठरलेली मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. मध्यम बांध्याच्या माणसाला एका वेळी अडीच मिलिग्रॅम धरले, तर एका ग्रॅमच्या चारशे मात्रा होतात. रुग्णागणिक सहा फेऱ्या धरल्या तर पासष्ट-सत्तर माणसं. ऐकायला हे बरंच वाटतं. पण दरवर्षी जगभरच्या हजारो रुग्णांना औषध द्यायचं म्हणजे दरवर्षी कित्येक टन प्राणी मुळांवरून खरवडायचे, आणि तेही प्राण्यांतलं प्रमाण हंगामानुसार, जागेनुसार बदलत असताना. कुठल्याही औषध नियामकाला असा पुरवठा चालत नाही आणि कुठलीही खारफुटी तो सोसू शकत नाही.

या रेणूचं औषध करण्याचा परवाना माद्रिदजवळच्या फार्मामार या कंपनीकडे गेला. १९८६ मध्ये समुद्रातून कर्करोगाची औषधं शोधण्यासाठीच ती स्थापन झाली होती. पुरवठ्यासाठी तिने आणि इतरांनी चार वाटा धरल्या.

पहिली वाट समुद्रातून गोळा करण्याची. क्यूबाच्या खारफुटीत याचा रीतसर अभ्यास झाला: घोस किती प्रमाणात कापले तर वसाहत पुन्हा उभी राहते? हा प्राणी मुळावर पसरलेल्या धाग्यांसारख्या भागातून नव्याने फुटतो, त्यामुळे तळ शाबूत ठेवून कापलं तर तो परत वाढतो. तोडणीचा असा विचार झाला याचं मला मोल वाटतं, पण औषधाच्या मागणीला ही वाट पुरणारी नव्हती.

दुसरी वाट शेतीची. हा प्राणी भूमध्य समुद्रातही आढळतो. स्पेनच्या किनाऱ्यावर दोऱ्यांवर तो वाढवला गेला आणि सुरुवातीच्या काळात त्यातून काही माल मिळालाही. पण वादळं, तापमान, आणि पुन्हा तोच हिशेब, टनामागे ग्रॅम.

तिसरी वाट प्रयोगशाळेत रेणू शून्यापासून बांधण्याची. १९९६ मध्ये हार्वर्डच्या इ. जे. कोरी यांच्या गटाने ती पार केली. कोरींना संश्लेषणाच्या कामासाठी १९९० मध्ये नोबेल मिळालं होतं, तरीही या रेणूला तीसहून जास्त पायऱ्या लागल्या. तीन टेट्राहायड्रोआयसोक्विनोलिन घटक, एकमेकांत गुंतलेली वलयं, त्यांवरून गेलेला गंधकाचा पूल असलेलं दहा अणूंचं वलय. ज्यांनी कधी सेंद्रिय रसायनाची वही भरली आहे त्यांना यातली अवघडता लगेच कळेल. कोरींचं काम रसायनशास्त्रातलं लखलखीत काम आहे. कारखान्यासाठी मात्र ते फार लांबलचक होतं.

चौथी वाट चालली, आणि ती सुचली रेणूच्या चेहऱ्यावरून. एक्टिनॅसिडिनचा सांगाडा जपानमध्ये मातीतल्या जिवाणूंकडून मिळालेल्या सॅफ्रामायसिन आणि सॅफ्रासिन या प्रतिजैविकांसारखा होता. त्यातलं सॅफ्रासिन-बी हे स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जिवाणू टाकीत वाढवून भरपूर मिळवता येतं. फार्मामारच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते सायनाइडची प्रक्रिया करून टिकाऊ सायनोसॅफ्रासिन-बी या रूपात आणलं आणि तिथून पुढच्या वीसेक पायऱ्यांत ट्राबेक्टेडिन गाठलं. २००० मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासून औषधासाठी एकही ॲसिडियन मुळावरून काढायची गरज उरली नाही.

या टप्प्यावर मला जे म्हणायचं आहे ते म्हणतो. खारफुटी वाचवा कारण तिच्यातून औषधं मिळतात, हा युक्तिवाद बहुतेक वेळा असा मांडला जातो, जणू जंगल म्हणजे औषधाचं गोदाम आहे. या प्रकरणात गोदाम म्हणून खारफुटी पूर्ण निरुपयोगी ठरली. किलोंनी लागणारा माल पोलादी टाकीतून आला. खारफुटीने दिला तो पहिला ग्रॅम, आणि त्या ग्रॅमसोबत असा एक आराखडा, जो कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाला कागदावर सुचला नसता. आराखडा हाती आल्यावरच सॅफ्रासिनकडे कुणाची नजर गेली. त्याआधी सॅफ्रासिन होतंच, पण त्याचं हे काम होऊ शकेल हे कुणाला माहीत नव्हतं. जंगलाची किंमत लावायची तर ती त्या पहिल्या ग्रॅमच्या हिशेबात लावायला हवी. आणि तो ग्रॅम एकदा मुळासकट गेला की परत मिळवायला कुठली टाकी कामाची नाही.

बनवतो कोण

जिवाणूच्या रेणूशी असलेल्या साम्यामुळे दुसरा प्रश्नही उभा राहिला. समुद्रातला प्राणी आणि मातीतला जिवाणू एकाच घडणीचा इतका गुंतागुंतीचा रेणू स्वतंत्रपणे कसे शोधतील? संशय ॲसिडियनच्या आत राहणाऱ्या जिवाणूंवर गेला. जगभरच्या वेगवेगळ्या ठिकाणचे प्राणी तपासले, तेव्हा एक जिवाणू सगळीकडे भेटला. त्याला एंडोएक्टिनॅसिडिया फ्रुमेंटेन्सिस असं तात्पुरतं नाव आहे. तात्पुरतं, कारण तो प्राण्याबाहेर कुणालाही वाढवता आलेला नाही. २०११ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डेव्हिड शर्मन यांच्या गटाने प्राणी आणि त्यातले सगळे सूक्ष्मजीव यांचा डीएनए एकत्र वाचून रेणू बनवणाऱ्या जनुकांचा माग काढला आणि तो या जिवाणूपाशी नेला.

२०१५ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच समोर आला आणि मला या प्रकरणातला तो सर्वांत विलक्षण भाग वाटतो. संच अवघा सहा लाख तीस हजार अक्षरांचा आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा सेहेचाळीस लाखांचा असतो. प्राण्याच्या आत पिढ्यानपिढ्या सुरक्षित राहिल्यामुळे या जिवाणूने स्वतंत्र जगण्याची बरीचशी जनुकं गमावली आहेत. घरदार विकत गेला, पण हा विषारी रेणू बनवण्याची जनुकं मात्र सांभाळून ठेवली. यजमानाला माशांपासून वाचवणं हेच त्याचं भाडं असावं, असा अर्थ संशोधकांनी लावला, आणि अळ्या थुंकणाऱ्या माशांच्या निरीक्षणाशी तो जुळतो.

म्हणजे साखळी अशी झाली: गाळात टणक जागा देणारं कांदळाचं मूळ, त्याला धरून राहणारा ॲसिडियन, ॲसिडियनच्या आतला जिवाणू आणि जिवाणूतला रेणू. यातला एकही दुवा दुसऱ्यावाचून आपल्याला भेटला नसता.

पेशीत काय होतं

ट्राबेक्टेडिन डीएनएच्या दुहेरी सर्पिलातल्या अरुंद खाचेत शिरतं आणि ग्वानीन या घटकाला बांधलं जातं. रेणूचे दोन भाग डीएनएला धरतात, तिसरा बाहेर डोकावतो आणि तिथे काम करणाऱ्या प्रथिनांना अडवतो. डीएनए रुंद खाचेच्या दिशेला वाकतो. पेशीची दुरुस्ती यंत्रणा धावून येते आणि दुरुस्त करता करता तिथेच अडकते, धागे तुटतात. त्यामुळे एक उलटा प्रकार घडतो. सिस्प्लॅटिनसारख्या कर्करोगावरच्या जुन्या औषधाला चांगली दुरुस्ती यंत्रणा असलेल्या पेशी दाद देत नाहीत. ट्राबेक्टेडिनसाठी त्याच पेशी जास्त नाजूक ठरतात. शिवाय गाठीला पोसणाऱ्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींची संख्याही ते कमी करतं. या दोन्ही गोष्टी कुणी आधी ठरवून रेणूत घातल्या नव्हत्या.

रुग्णांचा हिशेब

माणसांवरच्या चाचण्या नव्वदच्या दशकाच्या मध्यात सुरू झाल्या आणि मार्ग सरळ नव्हता. यकृतावर ताण येत होता. आधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं तर तो कमी होतो हे लक्षात आल्यावर वापर सुकर झाला. २००३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने पुरावा अपुरा म्हणून नकार दिला. सप्टेंबर २००७ मध्ये, आणखी एका चाचणीनंतर, नेहमीची औषधं निकामी ठरलेल्या सार्कोमासाठी परवानगी मिळाली. २००९ मध्ये तिथेच पुन्हा उलटलेल्या अंडाशयाच्या कर्करोगासाठी, दुसऱ्या औषधाच्या जोडीने. अमेरिकेने अंडाशयाच्या कर्करोगासाठी ते स्वीकारलं नाही. सार्कोमाच्या दोन प्रकारांसाठी, चरबीतल्या लायपोसार्कोमासाठी आणि स्नायूंतल्या लायोमायोसार्कोमासाठी, तिथे परवानगी आली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये.

त्या अमेरिकन परवानगीमागच्या चाचणीत ५१८ रुग्ण होते. तुलना डॅकार्बाझिन या जुन्या औषधाशी. आजार पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ट्राबेक्टेडिनवर ४.२ महिने, डॅकार्बाझिनवर १.५ महिने. पण एकूण आयुष्य? १३.७ विरुद्ध १३.१ महिने, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायला हवेत. समुद्रातून चमत्कारी औषध, अशा मथळ्यात पहिला आकडा येतो आणि दुसरा गाळला जातो.

चित्र सगळीकडे एवढं फिकं नाही. मिक्सॉइड लायपोसार्कोमा या उपप्रकारात पेशींतली दोन जनुकं चुकीची जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होतं, आणि ट्राबेक्टेडिन नेमकं त्याच्या कामात अडथळा आणतं. २००७ मध्ये नोंदवलेल्या अशा ५१ रुग्णांत निम्म्यांच्या गाठी आकसल्या होत्या. आणि २०२४ मध्ये फ्रान्समधल्या १५० रुग्णांच्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष आले: पुढे पसरलेल्या लायोमायोसार्कोमात पहिल्याच उपचारात डॉक्सोरुबिसिन या नेहमीच्या औषधाबरोबर ट्राबेक्टेडिन दिलं, तर मध्यक आयुष्य ३३ महिने, एकट्या डॉक्सोरुबिसिनवर २४ महिने. नऊ महिने. या आजारात ही फार मोठी गोष्ट आहे. १९६९ च्या अर्कापासून मोजलं तर औषधाची योग्य जागा सापडायला पंचावन्न वर्षं लागली.

दुष्परिणाम दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पांढऱ्या पेशी घटतात, यकृताची विकरं वाढतात, क्वचित स्नायू विरघळतात, हृदय कमजोर होतं. औषध शिरेबाहेर सांडलं तर आसपासची ऊती मरते, म्हणून सार्कोमात ते मोठ्या शिरेतल्या नळीतून चोवीस तास सावकाश सोडतात. निसर्गातून आलं म्हणून सौम्य, हा समज या रेणूसमोर क्षणभरही टिकत नाही. माशाने थुंकावा यासाठीच तो घडला आहे.

याच घडणीवर बेतलेला, पण निसर्गात नसलेला लर्बिनेक्टेडिन हा धाकटा रेणू जून २०२० मध्ये अमेरिकेत लहान पेशींच्या फुप्फुस कर्करोगासाठी मंजूर झाला. पहिल्या ग्रॅमचं व्याज असं अजून येत आहे.

ज्या देशांच्या पाण्यातून सुरुवातीचे नमुने गेले त्यांचा वाटा काय, हाही प्रश्न विचारायला हवा. जैवविविधता करार १९९२ चा, तो अमलात आला १९९३ च्या अखेरीस. त्याआधी उचललेल्या नमुन्यांना लाभवाटपाची जागतिक चौकटच नव्हती. पुढच्या वेळी असं होऊ नये याची सोय आज कायद्यात आहे, आणि ती आपल्याकडेही आहे.

आपल्या किनाऱ्यावर याचा उपयोग

हे प्रकरण जसंच्या तसं कोकणात उचलून आणता येणार नाही, आणि त्याचं कारण समुद्रातच आहे. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. आपली मुळं दिवसातून दोनदा उघडी पडतात, उन्हात तापतात, पाणी गढूळ असतं. म्हणून आपल्या कांदळावर, तिवरावर कालवं दिसतात, स्पंज आणि ॲसिडियन त्या मानाने फार कमी. एक्टिनॅसिडियाची दुसरी जात, थर्स्टोनी, मन्नारच्या आखातात नोंदलेली आहे. थायलंडच्या फुकेतजवळच्या याच जातीतून २००२ मध्ये एक्टिनॅसिडिन मिळाली. तेव्हा भारतीय पाण्यात हे कूळ परकं नाही. पण आचरा किंवा चोडणच्या खारफुटीत कुणी हीच गोष्ट शोधत बसलं तर ते चुकीच्या मुळावर शोधणं होईल.

आपल्याकडे जी गर्दी आहे ती चिखलात आणि झाडांच्या आत. प्राणवायूरहित गाळातले जिवाणू, पानांच्या आत लक्षणं न दाखवता राहणाऱ्या बुरशा, कालवांच्या कल्ल्यांतले सूक्ष्मजीव. यातले बरेच टाकीत वाढवता येण्याजोगे आहेत, म्हणजे टनाला ग्रॅम ही अडचण तिथे मुळातच टळते. माझ्या मते महाराष्ट्र-गोव्यातल्या प्रयोगशाळांनी पानांचे अर्क पुन्हा पुन्हा त्याच पेशींवर तपासण्यापेक्षा इथे वेळ घालावा. तिवराच्या पानाच्या मिथेनॉल अर्काने अमुक जंतू मरतो, हे छापून आणणं सोपं आहे. कर्ता रेणू कोणता, तो आधी माहीत असलेलाच तर नाही ना, झाड कुठल्या खाडीतलं, महिना कोणता, पाण्याची क्षारता किती, त्या नमुन्याचा पुरावा हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवला आहे का, याची उत्तरं नसतील तर दुसऱ्या कुणाला ते काम पुढे नेता येत नाही. गेव्याच्या ऑस्ट्रेलियातल्या पानात जे सापडलं तेच रत्नागिरीच्या पानात सापडेल असं गृहीत धरता येत नाही. तपासावं लागतं. आणि कुणीही घरी गेव्याचा चीक किंवा काढा करून पाहू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

नमुने घ्यायचे तर परवानग्या लागतात. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. परदेशी भागीदार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी, देशी कंपनीने व्यापारी वापर करायचा तर नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जाणं, आणि खारफुटी राखीव वन असेल तिथे वनखात्याची संमती. तरुण संशोधक याला अडथळा म्हणतात. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या गावांना जे मिळालं नाही ते आपल्या खाडीकाठच्या गावांना मिळण्याची शक्यता याच कागदांतून निर्माण होते.

२०२१ च्या वन अहवालानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी होती. ६ ऑक्टोबर २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडीवर बंदी आली, २०१२ मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष झाला, २०१८ च्या निकालाने बंदी पक्की झाली. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग टिकून आहे का, हे आपण आता बऱ्यापैकी मोजतो. पण या प्रकरणातला रेणू हिरव्या रंगात नव्हता. तो पाण्याखालच्या मुळावर, प्राण्याच्या आतल्या जिवाणूत होता. खाडीत सांडपाणी सोडलं, भराव टाकून भरतीचं पाणी अडवलं, तर झाडं काही वर्षं हिरवी दिसत राहतात आणि मुळावरची, चिखलातली वस्ती आधीच संपते. कांदळवन कक्षाच्या मोजणीत झाडांच्या जातींबरोबर गाळातल्या सूक्ष्मजीवांचे नमुनेही खाडीनिहाय, हंगामनिहाय गोठवून जपले, तर वीस वर्षांनी चांगली उपकरणं घेऊन येणाऱ्या कुणाला तरी त्यावर काम करता येईल. एक्टिनॅसिडियाच्या बाबतीत उपकरणं येईपर्यंत ती वस्ती मुळांवर टिकून होती, म्हणून १९९० मध्ये रचना लिहिता आली.